सहवर्ती की जन्य? : एंडोमेट्रिओसिस आणि वंध्यत्व यांविषयीच्या संशोधनाची भाषा

१

वैद्यकीय संशोधनाचे परीक्षण सामान्यतः प्रयोगपद्धती आणि आकडेवारी यांच्या अंगाने केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु संशोधनाचा निष्कर्ष शेवटी वाक्याच्या रूपानेच वाचकापर्यंत पोहोचतो. वाक्य म्हटले की कर्ता कोण, हेतू कोणता, विभक्ती कोणत्या अर्थाची, समासाचा विग्रह कसा, हे प्रश्न ओघानेच येतात. हे प्रश्न केवळ वैयाकरणांचे आहेत असे मानण्याचा प्रघात आहे. एखाद्या रोगाच्या बाबतीत मात्र याच प्रश्नांच्या उत्तरावर रुग्ण स्त्रीला काय सांगितले जाते हे अवलंबून असते. एंडोमेट्रिओसिस हा असा एक रोग आहे.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढणे हे या रोगाचे लक्षण होय. बीजांडकोश, उदरपोकळीचे आवरण, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधील खळगा ही त्याची नेहमीची स्थाने. पाळीच्या वेळी असह्य वेदना, ओटीपोटातील सततचे दुखणे, समागमात वा शौचाच्या वेळी होणारा त्रास, थकवा आणि गर्भधारणेत अडचण ही त्याची चिन्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळजवळ १९ कोटी स्त्रियांना हा विकार असतो. मराठीत त्याला सर्वमान्य असा शब्द अद्याप रूढ झालेला नाही, म्हणून येथे मूळ नावच देवनागरीत योजले आहे.

या रोगाविषयीच्या इंग्रजी वाङ्मयात एक संज्ञा पदोपदी आढळते. तिचे शब्दशः मराठी रूप 'एंडोमेट्रिओसिसशी संबद्ध असलेले वंध्यत्व' असे होईल. या संज्ञेतील 'संबद्ध' हा शब्द वरवर पाहता अत्यंत सावध आहे. कार्यकारणभावाविषयी तो काहीच प्रतिज्ञा करीत नाही. प्रत्यक्षात मात्र लेखाच्या शीर्षकात 'संबद्ध' असलेले वंध्यत्व प्रस्तावनेच्या अखेरीस 'रोगामुळे आलेले' होते आणि निष्कर्षात 'रोगावर उपचार केल्याने दूर होणारे' होते. शब्द तोच राहतो, अर्थ सरकत जातो. हे सरकणे कोठे सपुरावा आहे आणि कोठे केवळ भाषेच्या सवलतीवर उभे आहे, याची छाननी करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम नावाचा विचार करू गेल्यास, रोगाच्या स्वरूपाविषयीची पहिली उपपत्ती नावातच गोवलेली दिसते. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकितान्स्की यांनी १८६० मध्ये अशा प्रकारच्या विकृतीचे वर्णन केले होते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु आज रूढ असलेले नाव आणि त्यामागील मुख्य उपपत्ती ही न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांच्या १९२० च्या दशकातील लेखनातून आली. १९२१ मध्ये त्यांनी बीजांडकोशावरील, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठींचे सविस्तर वर्णन केले. आजही डॉक्टर आणि रुग्ण त्यांना 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. १९२७ मध्ये त्यांनी मांडलेली उपपत्ती अशी की, ऋतुस्रावाचे रक्त काही प्रमाणात बीजवाहिन्यांतून उलट दिशेने उदरपोकळीत जाते आणि त्यातील अस्तराचे कण तेथे रुजतात.

ग्रीक घटकांनुसार या नावाचा अर्थ 'गर्भाशयाच्या आतील भागाची अवस्था' असा होतो. म्हणजे जो रोग गर्भाशयाच्या बाहेर असतो, त्याचे नाव गर्भाशयाच्या आतल्या भागावरून पडले आहे. सॅम्पसन यांच्या उपपत्तीप्रमाणे हे पेशीजाल मूळचे गर्भाशयाचेच, फक्त स्थानभ्रष्ट झालेले. तेव्हा या नावात विसंगती नव्हती. पुढील काळात मात्र दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, ऋतुस्रावाचा उलटा प्रवाह ही मुळीच दुर्मीळ घटना नाही. बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रियांत पाळीच्या सुमारास उदरपोकळीतील द्रवात रक्त आढळते, असे १९८४ च्या एका अभ्यासात दिसून आले. जी गोष्ट बहुतेक सर्वांमध्ये घडते, ती एकटीच काहींच्या रोगाचे पुरेसे कारण होऊ शकत नाही. दोन, गर्भाशयाबाहेरचे हे पेशीजाल मूळ अस्तराशी सर्वस्वी एकरूप नसते. संप्रेरकांना ते देत असलेला प्रतिसाद वेगळा असतो आणि त्याच्याभोवती दाह, नवे मज्जातंतू व तंतुमय पेशीजाल निर्माण होते.

व्याख्येच्या भाषेत यामुळे एक लहानसा पण महत्त्वाचा बदल झाला. जुन्या व्याख्या 'गर्भाशयाचे अस्तर अन्यत्र आढळणे' असे म्हणत. आजच्या व्याख्या 'अस्तरासारखे पेशीजाल अन्यत्र आढळणे' असे म्हणतात. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर रूपकाची जागा उपमेने घेतली. अभेद मानला तोवर रोग हा गर्भाशयाचाच आणि म्हणून प्रजननाचाच विषय होता. सादृश्य मानल्यावर तो सबंध शरीराचा, दाहाचा व वेदनेचा विषयही होऊ शकतो. तथापि नाव मात्र जुनेच राहिले, आणि नावाबरोबर जुनी दृष्टीही पुष्कळ अंशी टिकून राहिली.

३

कार्यकारणभावाची वाक्ये किती सहज उलटतात याचे उत्तम उदाहरण या संशोधनाच्या इतिहासातच सापडते. विसाव्या शतकाच्या मध्यास बॉस्टनचे प्रख्यात स्त्रीरोगतज्ज्ञ जो व्हिन्सेंट मेग्ज यांनी असे प्रतिपादन केले की, उशिरा विवाह आणि लांबवलेले मातृत्व हेच या रोगाच्या मुळाशी आहे. खासगी, सुस्थितीतील रुग्णांमध्ये हा रोग सार्वजनिक इस्पितळांतील गरीब रुग्णांपेक्षा अधिक आढळतो, हे त्यांचे निरीक्षण. सुस्थितीतील स्त्रिया उशिरा विवाह करतात आणि त्यांना मुले कमी होतात. सबब लवकर विवाह आणि लवकर अपत्यप्राप्ती हा त्यावरील प्रतिबंधक उपाय, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे पाश्चात्त्य वैद्यकात हा 'नोकरदार स्त्रीचा रोग' म्हणून ओळखला जाऊ लागला, तो याच विचारसरणीमुळे.

आता हे वाक्य आणि आजचे प्रचलित वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहावे. मेग्ज यांचे वाक्य : अपत्य नसल्यामुळे रोग होतो. आजचे वाक्य : रोगामुळे अपत्य होत नाही. दोन्ही वाक्यांखालील निरीक्षण एकच आहे, ते म्हणजे हा रोग आणि अपत्यहीनता एकाच स्त्रीच्या ठिकाणी पुष्कळदा आढळतात. 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय कोणत्या नामाला जोडायचे, एवढाच काय तो फरक. एका वाक्यात दोष स्त्रीच्या आयुष्यक्रमाकडे जातो, दुसऱ्यात तो तिच्या शरीराकडे जातो. निरीक्षणाने मात्र यांपैकी कोणतीच निवड केलेली नसते.

मेग्ज यांच्या निरीक्षणाचा पायाच कच्चा होता हे पुढे ध्यानात आले. त्या काळी उदर उघडून पाहिल्याखेरीज हा रोग दिसत नसे. ज्यांना शस्त्रक्रिया परवडे आणि ज्यांच्या वेदनेची तक्रार ऐकून घेतली जाई, त्यांच्यातच तो 'आढळे'. शिकागो येथील डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ मध्ये कृष्णवर्णीय रुग्णांची लॅप्रोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने उदरपोकळी पाहून केलेल्या तपासणीची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील एक पंचमांशाहून अधिक स्त्रियांमध्ये हा रोग होता. त्यांपैकी अनेकींवर पूर्वी ओटीपोटाच्या जंतुसंसर्गाचे निदान लादले गेले होते. रोग गौरवर्णीय सुशिक्षित स्त्रियांचा नव्हता. त्यांच्याकडे रोगनिदान होते, इतरांकडे ते नव्हते. अर्थात 'आढळतो' या क्रियापदाचा खरा कर्ता रोग नसून तपासणारा होता.

'कोणत्या प्रकारच्या स्त्रीला हा रोग होतो?' हा प्रश्न यानंतरही पूर्णपणे मावळला नाही. इटलीतील एका संशोधकगटाने या रोगाच्या तीव्र प्रकाराने पीडित स्त्रियांच्या 'आकर्षकते'ची मोजणी करणारा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रजननवैद्यकाच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि बऱ्याच टीकेनंतर २०२० मध्ये मागे घेण्यात आला. या अभ्यासात आकडे होते, तुलनागट होता, सांख्यिकी होती. सदोष होता तो प्रश्न. प्रश्नाच्या शब्दांची छाननी कोणी केली नाही, म्हणून तो सात वर्षे संशोधन म्हणून उभा राहिला.

४

आता आजच्या वाक्याकडे, म्हणजे 'रोगामुळे अपत्य होत नाही' याकडे वळणे आवश्यक आहे. हे वाक्य सर्वस्वी निराधार आहे असे मुळीच नाही. रोगाचे प्रमाण जास्त असते तेथे बीजांडकोश व बीजवाहिन्या चिकटून जागच्या हलतात, बीज वाहिनीत शिरण्याचा मार्गच अडतो. येथे 'मुळे' हे अव्यय यांत्रिक अर्थाने खरे आहे. बीजांडकोशावरील गाठी बीजांचा साठा कमी करू शकतात, आणि त्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेनेही तो कमी होऊ शकतो. उदरपोकळीतील दाहकारक द्रव्यांचा बीजावर, शुक्रजंतूंवर आणि गर्भाच्या रुजण्यावर अनिष्ट परिणाम होतो, असे दर्शवणारे प्रयोगही पुष्कळ आहेत. खरा वाद आहे तो सौम्य रोगाविषयी. तेथे अवयवांची रचना बिघडलेली नसते, उदरावरणावर केवळ काही ठिपके दिसतात, आणि तरीही गर्भधारणा होत नाही. तेथे हे ठिपके कारण आहेत, की केवळ सोबती?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी वापरले जाणारे आकडे नीट वाचले जात नाहीत, ही पहिली अडचण. पाठ्यपुस्तकांतून दोन विधाने वारंवार येतात. एक : वंध्य स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्के स्त्रियांत हा रोग असतो. दुसरे : हा रोग असलेल्या स्त्रियांपैकी ३० ते ५० टक्के स्त्रिया वंध्य असतात. आकडे जवळजवळचे असल्यामुळे ही दोन विधाने एकमेकांच्या जागी सर्रास योजली जातात. मराठीतील 'पैकी' या शब्दाने हा घोटाळा तत्काळ उघडा पडतो, कारण 'पैकी'च्या मागे जे नाम येते तोच छेद. पहिल्या विधानाचा छेद वंध्यत्वाच्या चिकित्सालयात आलेल्या स्त्रियांचा आहे. दुसऱ्याचा छेद रोगाचे निदान झालेल्या स्त्रियांचा आहे, आणि हे निदान अनेकींच्या बाबतीत मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच झालेले असते. ज्या वेदना सोसतात पण ज्यांना मुले आहेत, त्या या छेदात फारशा येतच नाहीत.

छेद बदलला की चित्र किती बदलते हे अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीवरून कळते. चिकित्सालयाच्या दारात न थांबता हजारो परिचारिकांचे आयुष्य वर्षानुवर्षे नोंदवणाऱ्या या पाहणीचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुहेरी आहे. रोग असलेल्या स्त्रियांमध्ये पुढे वंध्यत्व येण्याचा धोका सुमारे दुप्पट होता, आणि ही वाढ ३५ वर्षांखालील स्त्रियांतच दिसली. त्याच वेळी, रोगाचे निदान झालेल्यांपैकी पाचांत चारांहून अधिक स्त्रियांना चाळिशीपर्यंत अपत्य झालेले होते. 'धोका दुप्पट' आणि 'बहुतेकींना अपत्य' ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. रुग्णापर्यंत मात्र बहुधा पहिलेच पोहोचते.

दुसरी अडचण उपचारांवरून कारण सिद्ध करण्याची. सौम्य रोगावर शस्त्रक्रिया केल्याने गर्भधारणा वाढते काय, याची यादृच्छिक विभागणीची मोठी चाचणी कॅनडात झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ३४१ वंध्य स्त्रियांपैकी १७२ जणींच्या उदरातील रोगग्रस्त ठिपके नष्ट केले, १६९ जणींची केवळ दुर्बिणीने पाहणी केली. छत्तीस आठवड्यांच्या अवधीत गर्भ राहून तो वीस आठवड्यांपलीकडे टिकण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३०.७ टक्के, दुसऱ्यात १७.७ टक्के होते. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, इटलीतील १०१ स्त्रियांवरील तशाच चाचणीचे फलित प्रसिद्ध झाले. तेथे वर्षभरात अपत्यजन्माचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्या गटात २० टक्के व न झालेल्या गटात २२ टक्के होते. इटलीतील चाचणी लहान होती हे खरे, आणि दोन्ही एकत्र केल्यास कल शस्त्रक्रियेच्या बाजूनेच राहतो. पण कॅनडातील चाचणी जशीच्या तशी मान्य केली, तरी तिचा अर्थ एवढाच की, साधारणपणे आठ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया केली असता एका स्त्रीला अधिक गर्भधारणा होते. उरलेल्या सातांपैकी काहींना ती शस्त्रक्रियेवाचूनही झाली असती, बहुतेकींना होऊनही झाली नाही. 'शस्त्रक्रियेने गर्भधारणा होते' या वाक्यातील 'ने' हा प्रत्यय एवढे ओझे पेलू शकत नाही.

५

रोगाच्या वर्गीकरणाची भाषाही याच दृष्टीने तपासण्याजोगी आहे. आज सर्वत्र रूढ असलेले वर्गीकरण अमेरिकेच्या एका प्रजननविषयक संस्थेने १९७९ मध्ये तयार केले, १९८५ मध्ये सुधारले आणि १९९६ मध्ये पुन्हा पाहून कायम केले. ठिपक्यांचा आकार, त्यांची खोली आणि चिकटलेले अवयव यांना गुण देऊन रोगाचे अत्यल्प, सौम्य, मध्यम आणि तीव्र असे चार टप्पे त्यात केले आहेत. 'टप्पा' हा शब्द कर्करोगाच्या परिभाषेतून परिचित आहे. तेथे टप्पा वाढला की रोग पुढे गेला आणि आशा कमी झाली, असा अर्थ असतो. येथे तसे नाही. सौम्य टप्प्यातील स्त्रीला असह्य वेदना असू शकतात आणि तीव्र टप्प्यातील स्त्रीला जवळजवळ काहीच जाणवत नाही असेही घडते. गर्भधारणेचे भाकीतही या टप्प्यांवरून नीटसे करता येत नाही, हे आज सर्वमान्य आहे. तरीही 'तुमचा रोग चौथ्या टप्प्यात आहे' हे वाक्य उच्चारले जाते, आणि ते ऐकणाऱ्या स्त्रीच्या मनात कर्करोगाचाच अर्थ उमटतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१० मध्ये अ‍ॅडमसन आणि पास्ता या संशोधकांनी 'एंडोमेट्रिओसिस प्रजनन निर्देशांक' मांडला. शस्त्रक्रियेनंतर स्त्रीला नैसर्गिकपणे गर्भ राहण्याची शक्यता त्यात ० ते १० गुणांनी व्यक्त होते. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. दहांपैकी पाच गुण स्त्रीचे वय, वंध्यत्वाची वर्षे आणि पूर्वीची गर्भधारणा यांना आहेत. तीन गुण बीजवाहिन्या, त्यांच्या टोकांच्या झालरी आणि बीजांडकोश यांच्या कार्यक्षमतेला आहेत. रोगाच्या प्रत्यक्ष विस्ताराला उरतात ते केवळ दोन. हा निर्देशांक अनेक ठिकाणी पडताळून पाहिला गेला आहे आणि तो जुन्या टप्प्यांपेक्षा अधिक खरे भाकीत करतो. म्हणजे रोगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उत्तम मोजपट्टीतही रोगाचा प्रत्यक्ष वाटा एक पंचमांश आहे. 'संबद्ध' या शब्दाचे वजन किती असावे याचे याहून प्रामाणिक उत्तर या वाङ्मयात क्वचितच सापडेल, आणि ते शब्दांनी नव्हे तर गुणांच्या वाटणीने दिले गेले आहे.

येथे आणखी एका गोष्टीचा निर्देश अवश्य केला पाहिजे. रोगाची चौकट प्रजननाची असल्यामुळे त्याचे निदानही प्रजननाच्या मार्गानेच लवकर होते. १९९७ मधील एका अमेरिकी अभ्यासात वंध्यत्वाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांना निदानासाठी सरासरी सुमारे तीन वर्षे लागली. केवळ वेदनेची तक्रार असलेल्यांना सहा वर्षांहून अधिक काळ लागला. ज्या वाङ्मयात वेदना ही दुय्यम आणि अपत्य हे प्रधान, तेथे चिकित्सेतही क्रम तोच राहावा यात नवल नाही.

६

मराठीपुरता विचार केल्यास हा प्रश्न अधिक टोकदार होतो. संस्कृतात तृतीया विभक्ती करण, हेतू आणि साहचर्य या तिन्ही अर्थांनी येते. पाणिनीने या अर्थांसाठी वेगवेगळी सूत्रे केली, कारण रूप एक असले तरी संबंध एक नाहीत हे त्याला ठाऊक होते. आधुनिक मराठीने हे काम पुष्कळसे वाटून दिले आहे. करणासाठी 'ने', हेतूसाठी 'मुळे', साहचर्यासाठी 'सह', 'बरोबर' किंवा 'शी'. इंग्रजीतील 'संबद्ध' या अर्थाचे विशेषण दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभे राहू शकते. मराठीत भाषांतर करणाऱ्याला मात्र कोठे तरी उतरावेच लागते. 'एंडोमेट्रिओसिसजन्य वंध्यत्व' म्हटले की कारण सिद्ध झाल्याचे कबूल केले जाते. 'एंडोमेट्रिओसिस-सहवर्ती वंध्यत्व' म्हटले तर फक्त सोबत मान्य होते. 'जन्य' हा लहान आणि सुटसुटीत शब्द आहे, परिभाषेत तो अंगवळणी पडलेला आहे. म्हणून तोच पुढे येण्याचा संभव अधिक, आणि धोकाही त्यातच आहे. अवयवांची रचना बिघडलेली असेल तेथे 'जन्य' चालेल. उरलेल्या ठिकाणी 'सहवर्ती' हाच प्रामाणिक शब्द होय. एका रोगासाठी दोन संज्ञा ठेवणे गैरसोयीचे आहे, परंतु वस्तुस्थितीच दुहेरी असताना संज्ञा एकेरी ठेवणे हे सोयीचे असत्य ठरेल.

'वंध्यत्व' या शब्दाचीही तीच गत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, कोणतेही गर्भनिरोधक न वापरता बारा महिने वा अधिक काळ नियमित संबंध असूनही गर्भधारणा न होणे म्हणजे हा विकार. ही काळाने मर्यादित अशी अवस्था आहे, आणि ती एकट्या स्त्रीची नव्हे तर जोडप्याची आहे. परंतु '-त्व' हा भाववाचक प्रत्यय लागला की ती अवस्था न राहता स्वभाव होते. त्यामागे 'वांझ' हा शब्द उभा असतोच. तो या समाजात केवळ वर्णन म्हणून कधीच उच्चारला गेलेला नाही. तेरावा महिना लागलेल्या स्त्रीला 'वंध्यत्व आहे' असे सांगणे आणि 'गर्भधारणेस विलंब होत आहे' असे सांगणे, या दोन्ही वाक्यांमागील वैद्यकीय माहिती एकच असते. ऐकणाऱ्या घरात मात्र त्यांचे परिणाम एक नसतात.

या सगळ्याचा विरोधाभास महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात ऐकू येणाऱ्या एका वाक्यात एकवटलेला आहे. पाळीत कळवळणाऱ्या मुलीला थोरल्या बायका सांगतात, 'लग्न झालं, एक मूल झालं, की सगळं थांबेल.' या वाक्यात अनुभवाचा अंशही आहे, कारण प्रसूतीनंतर पाळीची साधी पोटदुखी पुष्कळींची कमी होते. शिवाय हा निव्वळ लोकसमज नव्हे. मेग्ज यांच्यापासून चालत आलेल्या वैद्यकीय सल्ल्याचेच ते घरगुती रूप आहे. हीच मुलगी पुढे रुग्णालयात गेली की तिला सांगितले जाते, 'या रोगामुळे मूल होणे कठीण आहे.' म्हणजे ज्या उपायाने रोग जायचा, तो उपायच रोग होऊ देत नाही. दोन्ही वाक्ये एकत्र ठेवली की त्यांतील तर्कदोष उघड होतो. परंतु ती दोन वेगळ्या तोंडांतून, दोन वेगळ्या वेळी येतात, आणि मधली वर्षे ती स्त्री एकटी सोसते. युरोपीय प्रजननवैद्यक संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे की, केवळ या रोगावरचा उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, कारण गर्भधारणेने लक्षणे कमी होतीलच किंवा रोग थांबेलच असे नाही. मेग्ज यांच्या वाक्याचे खंडन इतक्या निःसंदिग्ध शब्दांत होण्यास सुमारे सात दशके लागली.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. शास्त्राची भाषा ही केवळ साधन आहे, पुरावे सुधारले की ती आपोआप सुधारेल, मग शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला? यास उत्तर असे की, पुरावे सुधारूनही भाषा आपोआप सुधारली नाही, हेच या वाङ्मयाच्या शंभर वर्षांनी दाखवून दिले आहे. टप्पे निरुपयोगी ठरले तरी 'टप्पा' हा शब्द टिकला, आणि चाचण्यांनी आठांपैकी एकीचा लाभ दाखवला तरी 'ने' हा प्रत्यय जागचा हलला नाही. अर्थात शब्दांच्या छाननीने एकही गाठ विरघळणार नाही, आणि कोणता उपचार करावा हे ठरवण्याचा अधिकारही भाषाशास्त्राला नाही. त्याचे क्षेत्र याहून लहान आहे. सिद्ध झालेले आणि गृहीत धरलेले यांना एकच प्रत्यय लागू नये, एवढीच दक्षता त्याला घेता येते.

मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन-आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे आणि तेथे या रोगावर संशोधनही चालते. अशा संशोधनाची प्रश्नावली, माहितीपत्रक व संमतिपत्र यांसाठी, तसेच रुग्णाशी होणाऱ्या बोलण्यासाठी मराठी परिभाषा लागणार आहे. इंग्रजीतील जुनी घसरण तिच्यात जशीच्या तशी उतरू द्यावयाची, की मराठीच्या विभक्ती-व्यवस्थेत जो विवेक मुळातच आहे त्याचा उपयोग करावयाचा, हा निर्णय अद्याप हातात आहे. 'यामुळे मूल होणार नाही' आणि 'हा रोग असतानाही बहुतेकींना मूल होते, काहींना मदत लागते' या दोन वाक्यांतील अंतर व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीचे आहे. एखाद्या पंचविशीतल्या स्त्रीच्या आयुष्यात ते त्याहून पुष्कळ मोठे असते.